टँकरच्या रांगेतला जोक

कानात इअरफोन असतील तर उत्तम. स्पीकरवर लावलं असेल आणि घरात कुणी मोठं माणूस बसलं असेल तरी घाबरू नका. विषय घाण विनोदाचा आहे, पण मी शिव्या देणार नाही. एक तर माझी आई हा पॉडकास्ट ऐकते. आणि दुसरं म्हणजे आजच्या गोष्टीत शेवटी तिचाच नंबर आहे.

तर विषय असा. मुद्दाम लागेल असं बोलणारी जी कॉमेडी असते, म्हणजे रोस्ट, डार्क, "वाईट वाटलं तर दार तिकडं आहे" टाईप, तिची रेकॉर्डिंग्ज आपल्याला एवढी का आवडतात? "आपल्याला" म्हणतोय, कारण मी काही काठावर उभा राहून बोलत नाहीये. माझी यूट्यूबची हिस्टरी उघडली तर माझं लग्न जमणार नाही.

सुरुवात लातूरपासून करतो. जानेवारी २०१५. मी बारावीला, लातूर पॅटर्नच्या चक्कीत. एका खोलीत चौघं, सकाळी पाचला उठायचं, भिंतीवर पिरिऑडिक टेबल. त्या महिन्याच्या २८ तारखेला एआयबीचा रोस्ट यूट्यूबवर आला. रेकॉर्डिंग झालं होतं डिसेंबर २०१४ मध्ये, मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. सूत्रसंचालन करण जोहरचं आणि खुर्चीत रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर. तिकीट काढून आलेले चारएक हजार लोक समोर. मग गदारोळ झाला, तक्रारी झाल्या आणि ३ फेब्रुवारीला एआयबीने व्हिडिओ काढून टाकला.

काढला म्हणून तर तो आमच्यापर्यंत आला. तेव्हा जिओ यायला अजून दीड वर्ष होतं. एक जीबी नेटपॅक अडीचशेच्या आसपास पडायचा, आणि घरून येणारे पैसे मेसला जायचे. रोस्ट यूट्यूबवर असता तर आम्ही "नंतर बघू" म्हणून सोडून दिला असता. पण "बंद केलाय" म्हटल्यावर एकाने बसस्टँडजवळच्या मोबाईल शॉपीतून मेमरी कार्डात भरून आणला. त्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर असल्या मालाचं फोल्डर "हरिपाठ" नावानं होतं. खोटं सांगत नाही. त्यात रोस्टचे तिन्ही भाग, शिव्यांनी डबिंग केलेले पिक्चरचे सीन आणि बाकी बरंच काही. मागायची पण पद्धत होती. "दादा, हरिपाठ टाका."

पुढे कधीतरी वाचलं की अमेरिकेत १९५६ मध्ये रेड फॉक्स नावाच्या कॉमेडियनची "लाफ ऑफ द पार्टी" नावाची रेकॉर्ड निघाली. असल्या रेकॉर्ड्सना पार्टी रेकॉर्ड्स म्हणायचे. रेडिओवर त्या लागायच्या नाहीत, आणि दुकानात काउंटरखालून मिळायच्या. वाचून मला आमचा लातूरचा दुकानदार आठवला. तंत्रज्ञान बदललं, काउंटर तोच.

आता त्या खोलीत काय झालं ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. चौघं एका मोबाईलवर वाकलेलो, आवाज बारीक, कारण खाली घरमालकीण काकू. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं. कोण कुणाची कोण, हेही माहीत नव्हतं. तरी हसून हसून डोळ्यांत पाणी. का? कारण त्यातले चार हजार लोक हसत होते. कुठं हसायचं ते ते सांगत होते. पन्नासच्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन साउंड इंजिनीअरने टीव्हीसाठी हसण्याचं मशीनच बनवलं होतं. बटण दाबलं की हशा. रोस्टमधला हशा खरा होता, पण आमच्यासाठी त्याचं काम तेच होतं. एवढी मोठी माणसं हसतायत, मग आपण हसलो तर काय बिघडलं? आणि दिवसभर ज्यांना मार्क, रँक आणि "बापाचे पैसे" याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळत नव्हतं, त्यांना कुणीतरी स्टेजवर उभं राहून कशाचीच भीड न ठेवता बोलतंय हे ऐकून असं बरं वाटलं की काय सांगू. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं.

त्यामुळे "संस्कार नाहीत म्हणून पोरं असलं बघतात" हे मला पटत नाही. आमच्यावर संस्कार इतके होते की त्यातून तासभर सुट्टी पाहिजे होती.

आणि हे काही शहरातून आलेलं खूळ नाही. बारावीनंतर मी इंजिनीअरिंगला नांदेडला गेलो. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव लागतं, खंडोबाची यात्रा भरते ते. घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या आणि तमाशाचे फड. दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही पोरं तिथं रात्री तंबूत घुसलो. गण झाला, गवळण लागली, आणि लुगडं नेसलेला बाप्या, म्हणजे मावशी, बोलायला लागली. माझ्या यूट्यूबवाल्यांनी तिच्यापुढं हात जोडावेत असलं दुहेरी बोलणं. पण एक फरक होता. मावशीने पुढच्या रांगेतल्या एका फेटेवाल्या मामांना पकडलं, त्यांच्या मिशीवरून सुरू केलं ते कुठल्या कुठं नेलं. लोक लोळायला लागले. मामा उठले आणि तिथूनच असं काही उलटं बोलले की ढोलकीवाला थांबून हसायला लागला. मावशीने कानाला हात लावला, मामांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि खेळ पुढं गेला. नंतर मामांनी दहाची नोट पण दिली.

मावशीला मामा दिसत होते, एवढंच. जास्त झालं तर तंबूतच हिशेब होणार, हे तिला माहीत होतं. वरळीच्या रोस्टमध्येही मुख्यतः ज्यांची उडवली ते समोर बसलेले होते आणि होकार देऊन आलेले होते. आमच्या खोलीत मोबाईलवर वाकलेल्या चौघांना मात्र कुणीच दिसत नव्हतं. कोण दुखावलं, कोण खोटं हसलं, काहीच पत्ता नाही.

माझ्या धंद्यातली उपमा देतो, सहन करा. आमच्याकडे टेस्टिंगसाठी वेगळा सर्व्हर असतो. तिथं काहीही फोडा, कुणाचा एक रुपया जात नाही. मला ही रेकॉर्डिंग्ज तशी वाटायची. डोक्यात जे काही काळं असेल ते तिथं चालवून बघा, लाईव्ह काहीच नाही.

मग समय रैनाचं प्रकरण झालं. जून २०२४ मध्ये सुरू झालेला "इंडियाज गॉट लेटेंट" हा शो फेब्रुवारी २०२५ मध्ये रणवीर अलाहाबादियाच्या एका प्रश्नावरून पेटला आणि समयने सगळे भाग काढून टाकले. त्या प्रश्नाबद्दल मला फार बोलायचं नाही, मला तो जोकच वाटला नव्हता. पण त्याच सुमाराला समयचा दुसरा एक जुना जोक सुप्रीम कोर्टात गेला. एसएमए नावाचा आजार असतो, त्याच्या इंजेक्शनची किंमत सोळा कोटी सांगतात. अशा एका बाळासाठी लोकांकडून पैसे गोळा केले जातात, त्यावरचा तो जोक. या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने त्याच्यासह पाच कॉमेडियन्सना आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं.

तो जोक मी आधीच ऐकला होता. कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. हसलो होतो. मोठ्यांदा हसलो होतो, कारण शेजारचा दचकला होता हे आठवतंय. अशा पोरांना आईबाप असतात, त्यांच्याकडेही यूट्यूब असतं, हा विचार मनाला शिवलाच नव्हता.

इथं एक सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये चालू होईल. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या व्हिडिओनंतर खारच्या हॅबिटॅटमध्ये तोडफोड झाली. तिथं एका नेत्यावर बोललं होतं. नेत्याकडे माईक असतो, पोलीस असतात. खुर्च्या तोडणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही आणि हा भाग त्यांना वापरता येणार नाही.

आणि आमच्या घरचं पण सांगतो. बाबा माझ्या कॉमेडियन्सना "वाया गेलेली कार्टी" म्हणतात आणि जेवताना फोनवर इंदुरीकर महाराजांचं कीर्तन लावतात. पोरी, सुना, त्यांचे कपडे, यावर तिथं जे चालतं त्याला मंडप डोक्यावर घेतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सम-विषम तारखेच्या विधानावरून महाराजांना दिलगिरीचं पत्रक काढावं लागलं. बाबांनी बघणं सोडलं नाही. मी समयला सोडलं नाही. बापलेकात फरक एवढाच की ते स्पीकरवर लावतात.

बरं, आता आईचा नंबर.

मागच्या वर्षी पुण्यात एका ओपन माईकला गेलो होतो. कॉमेडियनचं नाव सांगणार नाही, पोरगा चांगला आहे आणि जोकही चांगला होता. क्राउड वर्क चालू होतं. हल्ली रील्सवर तेच टाकतात, कारण लिहिलेला जोक एकदा टाकला की संपतो, प्रेक्षकाची उडवणं रोज नवं मिळतं. त्यानं मला विचारलं, "कुठचा?" मी म्हणालो, "लातूर." तो म्हणाला, "अरे वा! म्हणजे आंघोळ करून आलास की रेल्वेची वाट बघतोयस?"

हॉल फुटला. आणि मी पण. टाळ्या वाजवत, मान मागं टाकून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पिण्याला पाणी उरलं नव्हतं. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होतील म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं, म्हणजे पाण्यापाशी पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. गाडीचं नाव जलदूत. मी तेव्हा नांदेडला पहिल्या वर्षाला होतो. गोदावरीच्या काठी, रोज आंघोळ करून. लातुरात रात्री दोनला टँकरच्या रांगेत घागरी घेऊन आई उभी राहायची. फोनवर कधी बोलली नाही. मला ते आमच्या शेजारच्या काकांकडून कळलं होतं.

त्या कॉमेडियनने क्लिप टाकली. पिवळी सबटायटल्स, आणि शेवटचे तीन सेकंद क्लोजअप माझ्या हसण्याचा. आठवड्यात मावसभावानं ती फॅमिली ग्रुपवर टाकली, खाली "आपला हिरो". बाबांनी अंगठा दिला. आईचं काहीच नाही.

टेस्टिंग सर्व्हरवरचं लाईव्ह गेलं होतं.

रात्री फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग तिनं विचारलं, "त्या पोरानं इचारलं ते ठीकाय. तू कामून हसूलालास?" ("हसूलालास" वर पुण्यात वेगळं हसतात, तो भाग नंतर कधीतरी.)

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "अगं, सगळेच हसत होते." हे बोलताना मला आमची बारावीची खोली आठवली. तेव्हा पण सगळेच हसत होते. मी सॉरी म्हणायला लागलो, विषय किती गंभीर होता, असं बोलायला नको होतं वगैरे. तिनं मधेच तोडलं.

"गंभीर कशाचं? आमी रांगेत काय भजनं म्हणत होतो व्हय?"

आणि तिनं मला सांगायला सुरुवात केली. दहा वर्षांत पहिल्यांदा. रात्री दोनला रांगेत उभ्या असलेल्या बायका काय काय बोलायच्या. टँकरच्या ड्रायव्हरवर. नगरसेवकावर. ज्यांचे नवरे आंघोळीचा हट्ट करायचे त्यांच्यावर. १४४ कलमावर तर असा एक जोक सांगितला, चार बायका आणि पाचव्या घागरीचा, की तो इथं सांगितला तर हा भाग पण हरिपाठ फोल्डरमध्ये जाईल. माझी आई! जी टीव्हीवर जाहिरात लागली तर चॅनेल बदलते! मी इकडे पोट धरून हसतोय आणि ती तिकडे हसता हसता खोकायला लागली.

मग म्हणाली, "त्याच्या जोकात घागर कुटं होती पण? त्याला काय ठावं, ती किती जड असती."

मी गप्प.

"तुला तर ठावं होतं," ती म्हणाली. आणि मग "जेवलास का" वर गेली.

त्या पोराला मेसेज करून क्लिप काढायला लावू का, असं मी तिला विचारलं. ती नको म्हणाली. काढली की लोक अजून शोधतात, हे तिलाही माहीत आहे. क्लिप अजून आहे. मी ओपन माईकला अजून जातो, घाण विनोद अजून ऐकतो. मागच्या रविवारी आईचा फोन आला होता, विचारत होती की त्याला किती लोकांनी बघितलं. मी आकडा सांगितला. म्हणाली, "माझ्या घागरीच्या जोकाला याहून जास्त आले असते."

रेकॉर्ड करू का विचारलं, तर फोन ठेवून दिला.