यंत्राचा सातबारा

शेत बोलत नाही. ते कुणाच्या नावावर आहे, किती गुंठे आहे, कडेची विहीर त्याच शेतात मोडते की शेजाऱ्याच्या, यांतलं काहीही नुसतं बांधावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी सातबाऱ्याचा उतारा काढावा लागतो. उतारा बरोबर असला की व्यवहार सुरळीत होतो. चुकला की दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते तळहातावर मावणाऱ्या एका संगणकाच्या बोर्डाविषयी. पण गोष्ट तीच आहे. त्या बोर्डालाही बोलता येत नाही, आणि त्याचाही एक सातबारा असतो.

तुम्ही म्हणाल, घरातला संगणक तर बटण दाबलं की चालू होतो. त्याला कुठला आला सातबारा? त्याचं असं आहे. त्या संगणकात पीसीआय किंवा यूएसबी जोडणीवर जी उपकरणं असतात, ती विचारणा होताच आपापला क्रमांक सांगतात. एखाद्या कारखान्यातल्या यंत्राच्या पोटात बसवलेला छोटा संगणक घ्या. तिथली बरीचशी उपकरणं मुकी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स या चिपमध्ये पहिला सीरियल पोर्ट ४४ई०९००० या पत्त्यावर असतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे गेला तरी "मी सीरियल पोर्ट" असं त्याला कुणी सांगत नाही. ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

पूर्वी ही माहिती कर्नलच्या आतच लिहीत. बोर्ड नवा आला की फाइल नवी. एआरएम जातीच्या चिपांपायी हा पसारा इतका वाढला की मार्च २०११ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी उघड त्रागा केला. उपाय मात्र जुनाच होता. १९९४ साली प्रमाणित झालेल्या ओपन फर्मवेअरमध्ये यंत्राचं वर्णन झाडासारखं मांडण्याची रीत होती. सन आणि ॲपलच्या यंत्रांत ती वापरली गेली होती. पॉवरपीसीवरच्या लिनक्सने ती आधी उचलली, मग एआरएमने. तिचं नाव डिव्हाइस ट्री. मुळाशी बोर्ड, फांद्यांवर एकेक उपकरण. प्रत्येक नोंदीत "कम्पॅटिबल" म्हणजे उपकरण कोणत्या जातीचं, "रेग" म्हणजे कोणत्या पत्त्यावरचं, आणि "स्टेटस" म्हणजे वापरात आहे की बंद. हा मजकूर माणसाने लिहायचा, आणि डीटीसी नावाच्या साधनाने त्याची यंत्राला वाचता येईल अशी फाइल करायची.

आता हा उतारा कर्नलच्या हाती देतो कोण? वीज आल्यावर कर्नलच्या आधी जागा होतो तो बूटलोडर. अशा बोर्डांवर पुष्कळदा यू-बूट नावाचा बूटलोडर असतो. तो या गावचा तलाठी समजा. योग्य उतारा तो निवडतो, मेमरीत ठेवतो, आणि ज्या गोष्टी त्या घटकेलाच कळतात त्यांची भर घालतो: मेमरी प्रत्यक्षात किती, नेटवर्कचा पत्ता कोणता, कर्नलला द्यायच्या सूचना कोणत्या. मग तो कर्नलला सांगतो, कागद अमुक ठिकाणी आहे. कर्नल त्या कागदावर डोळे मिटून विश्वास टाकतो. जोखीम आहे ती इथेच.

उदाहरण देतो. बीगलबोन नावाचा बोर्ड २०११ साली निघाला, आणि त्याचा धाकटा भाऊ बीगलबोन ब्लॅक २०१३ साली. दोघांची मुख्य चिप एकाच कुळातली. पण वीज वाटून देणाऱ्या चिपच्या एका वाहिनीवर थोरल्याच्या उताऱ्यात ३.३ व्होल्ट लिहिलेले आहेत, तर धाकट्याच्या उताऱ्यात १.८. थोरल्याचा कागद धाकट्याला दिला, तर १.८ व्होल्टांवर जगणाऱ्या भागांवर ३.३ व्होल्ट येतील. नुसता बिघाड झाला तर तो दुरुस्त होईल. भाजलेली चिप काही परत येत नाही.

म्हणून यू-बूट तिथे आधी ओळख पटवतो. बोर्डावरच्या छोट्या स्मृतिचिपमध्ये नाव कोरलेलं असतं: थोरल्याचं "ए३३५बोन", धाकट्याचं "ए३३५बीएनएलटी". नाव वाचून उताऱ्याची फाइल ठरते. आणि नाव जुळलंच नाही तर? पुष्कळ वर्षं वापरात असलेल्या त्याच्या स्क्रिप्टने अंदाज केला नाही. कोणता उतारा वापरावा ते ठरवता आलं नाही, असा इशारा पडद्यावर छापला. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

कारण मोह उलटाच असतो. इशारा दिसला की आपण फाइलचं नाव हाताने घालतो, बोर्ड चालू होतो, आपण खुशीत ती नोंद कायमची जतन करून टाकतो. सहा महिन्यांनी तेच कार्ड कुणीतरी दुसऱ्या बोर्डात घालतं. ओळख पटवण्याची पायरी तुम्ही काढून टाकलेली असते, आणि त्या बिचाऱ्याला ते ठाऊक नसतं.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. यू-बूट स्वतःसाठीही एक उतारा बाळगतो, आणि कर्नलला द्यायचा तो बहुधा वेगळा. एकात दुरुस्ती केली म्हणून दुसरा सुधारत नाही. "स्टार्टिंग कर्नल" एवढं उमटून पडदा गप्प झाला आणि तुम्ही रात्रभर डोकं धरून बसलात, तर आधी एवढंच विचारा: मी दुरुस्त केला तो उतारा कुणाचा?

अशा वेळी यू-बूटच्या आज्ञारेषेवर "एफडीटी प्रिंट" म्हणा आणि मेमरीतला कागद स्वतः वाचा. फाइलच्या सुरुवातीला "डी००डीफीड" ही ठरावीक खूण सापडली म्हणून हुरळून जाऊ नका. ती खूण एवढंच सांगते की कागद उताऱ्याच्या नमुन्याचा आहे. शिक्का खरा आणि शेत दुसऱ्याचं, असं कागदपत्रांत आपण पाहिलेलं आहेच. पहिल्या ओळींतलं बोर्डाचं नाव वाचा, मेमरीचा आकडा ताडून बघा, व्होल्ट बघा, मगच पुढे जा.

मुक्या बोर्डाच्या वतीने आपण बोलत असतो. तेव्हा जे ठाऊक आहे तेच लिहावं, आणि ओळख पटली नाही तर "पटली नाही" असं म्हणून थांबावं. त्याने एखादी संध्याकाळ वाया जाईल, पण बोर्ड वाचेल.