भूम-परंड्याची नोंद

1987 साली बार्शीला ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातले भूम आणि परंडा तालुकेही होते. नोंदणीची माणसं गावोगाव फिरून रुग्ण शोधायची. फार मोलाचं काम!

पुढे उस्मानाबाद-बीडची वेगळी नोंद आली. 2012 ते 2016 या काळात सगळे कर्करोग धरून, वयाचा फरक काढून, लाख पुरुषांमागे वर्षाला नवे रुग्ण इथे 39.5, मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात 269.4. फुप्फुसाच्या कर्करोगातही ऐझॉल पुढेच, कारण तिथे बाया-पुरुष दोघंही खूप धूम्रपान करतात.

आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा जास्त चघळली जाते. कनवटीची चंची, चुन्याची डबी, सकाळची मिसरी. या तंबाखूचा पहिला घाव तोंडावर. पण बिडी आहेच, आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आईच्या छातीत धूर जातोच. शिवाय थुंकीत रक्त दिसलं की आपल्याला क्षयच आठवतो. त्यात महिने जातात, आणि फुप्फुसाचा कर्करोग असेल तर तो वाढत राहतो. क्षयाचं औषध चालू असूनही खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, छातीची तपासणी नव्याने करून घ्या.