नवे बूट, जुनी नडगी

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात किंवा कुठेही, पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी किंवा राज्य राखीव पोलीस दलाच्या 5 किलोमीटरसाठी धावताना नडगी दुखू लागली, तर आधी बुटाचा तळ पाहा. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर वरून धड दिसणाऱ्या बुटाचाही आतला फोम बसतो.

नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. धावतानाचेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र निसटता कामा नये. किंमत नव्हे, पायाला बरं वाटणं महत्त्वाचं! नव्या बुटांत सुरुवातीला थोडंच धावा. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.