दगडी कोळसा आणि आपला घाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोळसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेगडी येते. तो लाकडाचा कोळसा. आपल्या डोंगरांतील कातकऱ्यांनी भट्टी लावून पाडलेला. आज मला सांगायचे आहे ते दगडी कोळशाविषयी. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या अरण्यांचाच तो झाला आहे.

इंग्लंडात जळाऊ लाकूड महागले, तेव्हा लोक जमिनीतला कोळसा अधिकाधिक खणू लागले. खाणी खोल गेल्या तसे त्यांत पाणी भरू लागले. ते उपसण्यासाठी १७१२ साली न्यूकोमेनचे वाफेचे एंजिन चालू झाले. पुढे जेम्स वॅटने ते पुष्कळ सुधारले. म्हणजे कोळशासाठी यंत्र आले आणि यंत्राने आणखी कोळसा वर काढला! मग कारखाना नदीकाठीच हवा, ही अडचणही उरली नाही.

आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. परंतु आपला सारा काळा कातळ लाव्हारसाचा. त्यात कोळसा कोठून मिळणार? बंगालच्या खाणी देशाच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांसाठी कोळसा थेट इंग्लंडहून जहाजांनी येई! पुढे वरोऱ्याला खाण निघाली, तरी मुंबईहून तीही लांबच.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घाटात सापडले. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसापासून वीज काढावी, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. १९०४ साली ते वारले. पण १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मागून १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. ही तिन्ही ठिकाणे आपल्याच जिल्ह्यातली.

मात्र भगिनींनो, चूल कोणतीही असो, तिची झळ कोणाला तरी लागतेच. आपल्या देशात बायका खाणीत उतरून डोक्यावर कोळशाच्या टोपल्या वाहत. १९२९ साली नियम झाले व टप्प्याटप्प्याने ते काम बंद झाले. जिवाचा धोका टळला, पण हातची मजुरीही गेली. २०१९ साली स्त्रियांना पुन्हा भूगर्भात काम करण्याची परवानगी मिळाली. पाण्याची वीजही फुकट आली नाही. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या मुळशीच्या धरणाखाली मावळातील गावे गेली. त्यांसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते.

गणपतीच्या आधी आपल्या हमरापुरात कारखान्यांतून रात्र रात्र दिवे जळतात. देशातील बरीचशी वीज आजही कोळशापासूनच होते. म्हणून रिकाम्या खोलीतला दिवा मालवताना केवळ बिलाचा विचार करू नये. त्या उजेडामागे कोणाची तरी टोपली आहे आणि कोणाचे तरी बुडालेले शेत आहे. एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.