पंजीवर सात बदाम : पत्ते, मोजणी आणि आमचे बाबा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मी नाशिकहून बोलतेय. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या, रेकॉर्डिंग घरातूनच चालू आहे.

आजचा विषय आहे पत्ते. हो, तेच आपले ५२ पानांचे. लहान मुलांना मोजणीचा सराव व्हावा म्हणून पत्त्यांचे कोणते साधे खेळ खेळता येतात, त्याबद्दल बोलायचंय. आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. बीटेक केलं, आता पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून कोड लिहिते. पण गेलं वर्षभर रोज संध्याकाळी मी माझ्या भाचीबरोबर पत्ते खेळतेय. म्हणजे दादाच्या मुलीबरोबर. तिला इथे चिऊ म्हणूया. त्यातून जे कळलं ते सांगते.

सुरुवात झाली शाळेच्या पालकसभेपासून. चिऊ तेव्हा साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. वहिनी घरी आली ती चेहरा पाडूनच. बाईंनी सांगितलं होतं, "नंबर वर्क वीक आहे, ट्यूशन लावा." साडेपाच वर्षांच्या पोरीला ट्यूशन! आणि गंमत म्हणजे चिऊ वन टू हंड्रेड एका दमात म्हणायची. पाहुणे आले की तिचा तो कार्यक्रमच असायचा.

त्या रात्री आईने एका ताटलीत सात शंकरपाळी ठेवली आणि विचारलं, "किती आहेत गं?" चिऊने बोट ठेवत ठेवत मोजलं, वन, टू, थ्री... सेव्हन. आई म्हणाली, "मग किती आहेत?" चिऊने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. पुन्हा विचारलं, पुन्हा मोजलं. 'किती' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजण्याची क्रिया, असं तिला वाटत होतं. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच सगळ्या शंकरपाळ्यांची संख्या, हे तिच्या डोक्यात जोडलंच गेलं नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही अगदी ओळखीची पायरी आहे. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या संख्याज्ञानावर पुस्तक लिहिलं. त्यात मोजणीची पाच तत्त्वं आहेत. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, कुठल्याही वस्तू मोजता येतात, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. आपण 'येतं की मोजायला' म्हणतो त्यात एवढं सगळं असतं. शंभरपर्यंत पाठ म्हणणं म्हणजे यातलं फक्त एक, ठरलेला क्रम.

मग मी काय केलं? इंजिनिअर काय करणार? ॲप बनवलं! (हसते) एका शनिवार-रविवारात. स्क्रीनवर आंबे येतात, खाली आकडे, बरोबर दाबलं की चांदणी. चिऊ खूश. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसून बघितलं, तर ती आंब्यांकडे बघतच नव्हती. चांदणी येईपर्यंत भराभर सगळे आकडे दाबत होती. चुकलं तर पुन्हा दाबता येतं ही सोय मीच दिली होती ना! तिने मोजणी शिकली नाही, माझं ॲप शिकली.

त्यावर आई म्हणाली, "पत्ते काढू का?"

आता हे वाक्य आमच्या घरात साधं नाही. आमच्याकडे पत्त्यांना बंदी. बाबांचे थोरले भाऊ, आमचे काका, तीन पत्तीत बरंच काही घालवून बसले. मी लहान होते, पण काकू दागिने मोडायला निघाली तो दिवस मला आठवतो. तेव्हापासून बाबांनी घरात कॅट येऊ दिला नाही. आईकडे मात्र माहेरचा एक जुना कॅट होता, सुईदोऱ्याच्या डब्यात तळाशी. बाबा रोज साडेपाचला जॉगिंग ट्रॅकवर जातात. तर साडेपाच ते साडेसहा हा आमचा चोरटा तास ठरला.

सुरुवात केली भिकार-सावकारने. आमच्याकडे तो असा खेळतात : पत्ते सारखे वाटायचे, न बघता वरचं पान टाकायचं, आधीच्या पानासारखंच पान पडलं की सगळी गड्डी आपली. चिऊसाठी फक्त एक्का ते पंजी ठेवले, म्हणजे २० पानं. चित्राची पानं बाजूला. पहिलाच प्रश्न आला, "आत्या, वन कुठेय?" खरंच की! एक्क्यावर १ नसतो, ए असतो. स्केचपेनने छोटा १ लिहून टाकला.

दोन दिवसांनी नियम बदलला. दोघांनी एकेक पान टाकायचं, ज्याच्यावर जास्त बदाम-इस्पिक त्याने दोन्ही उचलायची. प्रत्येकाने आपल्या पानावर किती ते बोलायचं. आणि इथे घोळ सुरू झाला. चिऊने बदामाची पंजी टाकली, बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "सेव्हन." मी म्हणाले, नाही गं, नीट मोज. पुन्हा सेव्हन. तिर्री टाकली तर फाइव्ह. दुर्रीला फोर. माझा आवाज चढायला लागला. तिने पत्ते खाली ठेवले आणि हळूच म्हणाली, "मी वीक आहे ना?"

साडेपाच वर्षांच्या मुलीने हा शब्द स्वतःला लावला होता, मंडळी. मी गप्प झाले.

आईने पान पुढे ओढलं आणि म्हणाली, "कसं मोजलंस ते दाखव बरं आजीला." चिऊने मोजून दाखवलं. मधले पाच मोठे बदाम. मग वरच्या कोपऱ्यात आकड्याखाली असतो तो एक छोटा बदाम. मग खालच्या कोपऱ्यातला दुसरा. झाले सात.

तुमच्याकडे कॅट असेल तर आत्ता काढून बघा. पंजीवर खरंच सात बदाम असतात! मी लहानपणापासून पत्ते बघतेय, ते कोपऱ्यातले दोन मला कधी दिसलेच नव्हते, कारण ते मोजायचे नसतात हे मला माहीत होतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कामात 'ऑफ बाय वन' नावाची चूक प्रसिद्ध आहे. ही ऑफ बाय टू होती, आणि चूक तिची नव्हतीच. प्रत्येक पानावर बरोब्बर दोन जास्त येतायत म्हणजे पोरगी अचूक मोजतेय, हे मला पहिल्या तीन पानांतच कळायला हवं होतं. ऑफिसमध्ये प्रोग्रामने चुकीचं उत्तर दिलं तर मी आधी बघते, त्याला दिलं काय होतं. घरी मात्र सरळ म्हणाले, नीट मोज.

त्या रात्री तिची वर्कशीटची फाइल काढली. सगळ्याच चुका अशा नव्हत्या हं. काही खऱ्याच होत्या. पण एका पानावर 'किती फुगे' मध्ये तिने सहा लिहिलं होतं, उत्तर पाच. प्रश्नाशेजारी नमुन्याला एक फुगा छापलेला होता. तिने तोही मोजला होता. त्यावर लाल फुली.

आजच्या भागातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. मूल चुकलं की 'पुन्हा मोज' म्हणू नका. 'कसं मोजलंस ते दाखव' म्हणा. पत्त्यांचा फायदाच हा आहे की मोजणी बोटाखाली, तुमच्या डोळ्यांसमोर होते. पाटीवर लिहिलेल्या उत्तरात ती दिसत नाही.

आता पुढचे खेळ. कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हांवर आम्ही कागदी टेप लावली. मग आला बदाम सात. सगळे पत्ते वाटायचे, बदाम सत्ती ज्याच्याकडे त्याने ती ठेवायची, मग एका बाजूला अठ्ठी, नव्वी, दुसऱ्या बाजूला छक्की, पंजी असं लावत जायचं. दुसऱ्या रंगाची सत्ती आली की नवी ओळ. जमलं नाही तर पास. लहान मुलांना एक्का ते दश्शी ही ४० पानं पुरतात. या खेळात 'आधी काय, नंतर काय' सतत विचारावं लागतं, आणि तेही उलटसुलट. शंभरपर्यंत धावत म्हणणाऱ्या चिऊला सिक्सच्या आधी काय, हे सांगायला पहिल्या दिवशी वनपासून यावं लागायचं. तीन आठवड्यांनी ती सरळ पंजीकडे हात न्यायला लागली.

आकडे एका सरळ रेषेत बघण्याचा उपयोग संशोधनातही दिसलाय. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर १ ते १० घरांच्या सरळ पटाचा खेळ खेळून बघितला. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका, एकूण साधारण तासभर. मुलांची आकड्यांची समज सुधारली, आणि तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांवर खेळलेल्या मुलांची तशी सुधारली नाही. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बदाम सातची ओळ म्हणजे घरच्या घरी तसाच पट की!

तिसरा खेळ, 'दहा करा'. तीच ४० पानं उघडी मांडायची आणि दहाच्या जोड्या उचलायच्या : नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच. दश्शी एकटीच. शेवटी एकही पान उरत नाही. उरलं तर कुठेतरी चूक झालीय, आणि ती मूल स्वतः शोधतं, आपण सांगावं लागत नाही. मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की मग पाच-तीन-दोन. ३० पानं, तिघांना दहा-दहा, हात करायचे पाच, तीन आणि दोन. कमी पडलेले हात पुढच्या डावात ओढून वसूल. वजाबाकीची उधारी इतकी छान दुसरीकडे कुठे नाही.

तर एका संध्याकाळी पाऊस आला आणि बाबा लवकर परत आले. बदाम सात मांडलेला. आई, मी, चिऊ, तिघी गप्प. बाबा एवढंच म्हणाले, "हे घरात नको होतं." आणि आत गेले.

मी त्यांना पटवायला गेले. सावंतवाडीच्या गंजिफांबद्दल सांगितलं. दशावतारी गंजिफा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक ते दहा. जुन्या पद्धतीच्या पानांवर कोपऱ्यात आकडा नसतो, मत्स्याची पंजी म्हणजे पाच मासे, मोजल्याशिवाय कळतच नाही. म्हटलं, बघा, पत्ते किती आपले आहेत! बाबा म्हणाले, "देव काढले म्हणून जुगार थांबतो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चूक नाही. काकांची सुरुवातही म्हणे शेंगदाण्यांवर झाली होती. आणि मी नेमकं त्याच आठवड्यात चिऊला जिंकल्यावर शेंगदाणे द्यायला लागले होते.

शेंगदाणे त्याच दिवशी बंद केले. आमच्याकडे आता कशावरच लावून खेळत नाहीत. जिंकेल त्याने पुढचा डाव पिसायचा, एवढंच बक्षीस. तुम्हीही हे पाळा असं मी आग्रहाने सांगेन. मोजणी शिकवायला पैज लागत नाही.

बाबा खेळत नाहीत, आजही नाही. पण काही दिवसांनी पेपरच्या आडून आवाज आला, "अगं, नव्वीनंतर दश्शी. गुलाम काय लावतेस?" मग एक दिवस म्हणाले, "डाव संपल्यावर पानं मोजून ठेवायची, तशीच कोंबायची नाहीत." बाबा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेत. कागद मोजणं त्यांच्या बोटांतच आहे. त्यांनी चिऊला दहा-दहाच्या गड्ड्या करायला शिकवलं. पाच गड्ड्या आणि दोन सुटी.

इथे एक गोष्ट सांगते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवतंय? गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. मीही तेव्हा हसले होते. आता रोज संध्याकाळी आमच्या फरशीवर पाच गड्ड्या आणि दोन सुटी पानं असतात. चिऊ म्हणते फिफ्टी टू, आजी म्हणते बावन्न. बावन्नमध्ये दोन आधी येतात आणि पन्नास मागून, तेही ओळखू न येणारे. मुलाने हे कसं ओळखायचं? पण गड्ड्या समोर असल्या की दोन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत हे दिसतं. चिऊ आता दोन्ही म्हणते. बावन्न हा शब्द मी पुसून टाकावा असं म्हणणार नाही, पण तो शिकताना हातात काहीतरी हवं.

गेल्या महिन्यात पाच गड्ड्या आणि एकच सुटं पान निघालं. ५१. मी सोफ्याखाली बघायला लागले. चिऊने काय केलं, बदाम सातसारख्या चार ओळी लावल्या आणि म्हणाली, "किलवरची छक्की नाहीये." मग शोधाशोध. छक्की बाबांच्या पेपरमध्ये निघाली. (हसते) ती तिथे कशी गेली हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शाळेचं म्हणाल तर ट्यूशन लावली नाही. प्रगतिपुस्तकात आता 'इम्प्रूव्हिंग' आहे. अजूनही कधीकधी चुकते. पण वीक हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

तर मंडळी, एक कॅट, थोडी कागदी टेप, रोजची वीस मिनिटं. तुमच्याकडे कोणते खेळ खेळतात, तुमच्या आजीच्या गावचे नियम काय होते, नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, मूल चुकलं तर आधी विचारा, "कसं मोजलंस?"