पत्ता कुणाचा द्यायचा?

लवळे या गावाच्या नावात एक ळ आहे आणि त्या ळवरून माणूस कुठून आला ते ओळखता येतं. मुळशी तालुक्यातलं हे गाव पुण्याच्या पश्चिमेला, सूस-नांद्याच्या पलीकडे. गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी तिथं दहा-बारा मुलामुलींना मराठी लिहायला-वाचायला शिकवते. बिहार-झारखंडहून आलेली मुलं 'लवले' म्हणतात. कलबुर्गीकडची मुलं मात्र असा ठसठशीत ळ म्हणतात, की पेठांमधल्या लोकांनी ऐकत राहावं. कन्नडात ळ आहेच, त्यांना वेगळं काही करावं लागत नाही. नांदेड-लातूरकडच्या मुलांना मराठी येतेच, पण पुस्तकातली मराठी आपली नव्हे असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलेलं असतं.

या सगळ्यांचे आईबाप बांधकामावर आहेत. सूस, म्हाळुंगे, बावधन या बाजूला इमारती उठल्या, त्या यांच्या हातांनी. राहायला पत्र्याच्या खोल्या. एक काम संपलं की पत्रे उचलून दुसऱ्या साइटवर. लहान मुलांसाठी पुण्यात बरंच काम झालं आहे. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात बांधकामाच्या जागी वर्ग घेते, मुलांना सरकारी शाळेपर्यंत पोचवते. मला बोलायचंय ते त्यांच्या थोरल्या भावंडांबद्दल. मिसरूड फुटू लागलेला मुलगा आणि ओढणी सावरणारी मुलगी यांच्याबद्दल. त्यांच्याकडे पाहून कुणाला गहिवर येत नाही. उलट लोक जरा सावध होतात.

लवळ्याच्या टेकडीवर मोठं विद्यापीठ आहे, सिम्बायोसिसचं. दुसरं फ्लेम विद्यापीठही याच गावाच्या हद्दीत. सिम्बायोसिसची जन्मकथा अनेकांना ठाऊक असेल. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी कुणाला तरी काही देताना त्यांना दिसली. रेक्टरच्या मनात जे यायचं ते आलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं आजारी पडलेला आहे आणि ही त्याच्याच देशाची मुलगी त्याला जेवण पोचवते आहे. परक्या शहरात आजारी पडलेल्या पोराला विचारणारं कुणी नाही, या अस्वस्थतेतून १९७१ साली संस्था उभी राहिली. नाव वनस्पतिशास्त्रातलं, अर्थ सहजीवन. आज त्या टेकडीवर कितीतरी देशांची मुलं शिकतात. पायथ्याच्या पत्र्यांत राहणारी मुलं त्या टेकडीकडे बघतात, पण आपल्या राज्यात तीही एका अर्थानं परदेशी विद्यार्थीच आहेत, हे अजून कुणाच्या नीटसं ध्यानात आलेलं नाही.

मी स्वतः दुष्काळाची मुलगी. १९७२ साली धाराशिव जिल्ह्यातून, तेव्हाच्या उस्मानाबादेतून, आमचे अब्बा पुण्याला आले. मी दोन वर्षांची होते. अब्बा खडी फोडायचे. पुढे मला पालिकेच्या मराठी शाळेत घातलं, तेव्हा जन्मदाखला वगैरे काही नव्हतं. अब्बा म्हणाले, मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या पावसाळ्यात झाली. गुरुजींनी बोटावर हिशेब केला आणि लिहिलं, १ जून. महाराष्ट्रात माझ्या वयाची निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, ती अशी. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण विचार करा, त्या गुरुजींनी काय केलं? कागद नसलेल्या एका पोरीची जबाबदारी त्यांनी आपल्या सहीवर घेतली. त्या एका तारखेवर मी पुढे बी. ए. झाले, नोकरी केली, आणि मराठीत कविता लिहायचं धाडस केलं.

आज अशी तारीख कुणी लिहू शकत नाही. कायदा मात्र तेव्हापेक्षा चांगला आहे, हेही सांगितलं पाहिजे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जन्माचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. पण हा हक्क सहा ते चौदा वयाचा. आणि २०१६ साली बालकामगार कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार धोक्याची कामं सोडून बाकीचं काम चौदा पूर्ण झालेल्या मुलाला करता येतं. म्हणजे ज्या वाढदिवसाला शिक्षणाचा हक्क संपतो, त्याच वाढदिवसाला कामाची मुभा सुरू होते. आमच्या वर्गातली मुलं नेमकी या उंबऱ्यावर गळतात. आठवीपर्यंत कशीबशी येतात आणि नववीला कागदांच्या दारात अडतात.

कागद काय अडवतात त्याचा एक नमुना सांगते. एका मुलाला सगळे 'एमडी' म्हणतात. मला वाटलं, लाडाचं नाव असेल. त्याच्या आधार कार्डावर नावाआधी इंग्रजी एम आणि डी ही अक्षरं आहेत. बिहार-बंगालकडे मोहम्मदचा हा रूढ संक्षेप. आपल्याकडच्या एका कचेरीत कुणीतरी ते 'एमडी' असं मराठीत उतरवलं. गावच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदीत 'मो.' आहे. बँकेच्या पासबुकात पूर्ण मोहम्मद. तीन कागदांवर तीन मुलं, आणि तीन मुलांपैकी कुणाचाच अर्ज पुढे सरकत नाही. माझ्या स्वतःच्या नावाचं स्पेलिंग चार प्रकारे झालेलं आहे, त्यामुळे मला हसूही येतं आणि संतापही. त्यात बंगाली बोलणारं पोर असेल तर त्याला नाव विचारायच्या आधी 'बांगलादेशी का रे?' असं विचारलं जातं. त्यानं भूगोल शिकण्याआधी सरहद्द शिकायची.

योजना नाहीत असं नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून राज्याचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालतं. नोंदणी असलेल्या कामगाराच्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये, पुढे पदवीला २०,००० असं शैक्षणिक सहाय्य आहे. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला का कू करतो, कारण दाखला दिला की माणूस आपल्याकडे होता हे कबूल होतं. ग्रामसेवकाला तो देता येतो, पण ग्रामसेवक या माणसाला ओळखणार कसा? जातीचा दाखला परराज्यातला असेल तर इथल्या सवलती मिळत नाहीत. अधिवासासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा हवा, आणि पत्र्याची खोली पंधरा महिनेही एका जागी नसते. फिरून फिरून गाडी एकाच प्रश्नावर येते. पत्ता कुणाचा द्यायचा? तुला इथं ओळखतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पूर्वी येत होतं. मुळशीकरांना तर फारच चांगलं. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ साली इथं सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही ओळख त्यातूनच मिळाली. लढा हरला, धरण झालं, माणसं पांगली. मावळ-मुळशीचे तरुण मुंबईला गेले आणि त्यातले कितीतरी डबेवाले झाले. डबेवाल्यांच्या धंद्यात नवा पोरगा आला तर तो कुणाचा तरी भाचा, कुणाच्या तरी गावचा असायचा. मुकादम त्याला हाताखाली घेई आणि त्याच्याबद्दल जामीन राही. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे वीस-पंचवीस जण, खाणावळवाल्या बाईकडे महिन्याचं खातं, आणि गावाहून नुकत्याच आलेल्या पोराला त्या खोलीचा पत्ता. गैरसोय पुष्कळ होती, मी तिचं कौतुक करत नाही. पण पत्ता होता.

शिक्षणातही तेच. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगं काढायला उत्तेजन दिलं, त्यात मुस्लिम बोर्डिंगही होतं, १९०६ सालचं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या मुलांना राहायची-जेवायची सोय आणि त्याबरोबर काम करून शिकायची सवय. आज मोठमोठ्या हुद्द्यांवर असलेली किती माणसं तिथून बाहेर पडली! त्या वेळी कुणी त्यांना 'बाहेरचे' म्हटलं असेलच. आता तेच पुणेकर आहेत.

इतकंच कशाला, याच महाराष्ट्रानं थेट पोलंडच्या पोरांनाही ठेवून घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले. त्या छावणीत नुसता शिधा मिळत नव्हता. त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, बालवीरांची पथकं होती, नाटकं होत होती. ही मुलं म्हातारी झाल्यावरही वळिवडं बघायला परत येत राहिली.

आणि अलीकडचं सांगायचं तर ऑगस्ट २०२१. काबूल तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा पुण्यात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते. घरून येणारे पैसे थांबले. जे सुट्टीत घरी गेले होते त्यांचे आधीचे व्हिसा रद्द झाले, ते तिकडेच अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे मुलींना विद्यापीठाचं दार बंद झालं. आपल्या देशानं १९५१च्या निर्वासितांविषयीच्या करारावर सही केलेली नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसा हाच अशा मुलामुलींचा निवारा. पदवी संपली की छप्पर संपलं. काबूलची मुलगी आणि कलबुर्गीचा मुलगा यांची दुःखं एक नाहीत, मला ती एका तराजूत घालायची नाहीत. पण दोघांनाही खिडकीशी प्रश्न एकच विचारला जातो.

आमच्या रविवारच्या वर्गाला लवळ्यातल्या एका आजींची ओसरी मिळाली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणच्या?" मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग चहा घेता ना?" एवढ्यावर आमची सगळी ओळख झाली. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. गावात त्यांचा शब्द चालतो. त्या एकदा पोरांबरोबर ग्रामपंचायतीत गेल्या आणि "ही पोरं माझ्या ओसरीवर शिकायला असतात" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी दोघांच्या बापांचे ९० दिवसांचे दाखले झाले. मी सहा महिने अर्ज लिहीत होते.

आता एका मुलीचं चाललंय. लातूरकडची, सोळा वर्षांची. आठवी झाली आणि शाळा सुटली, कारण धाकट्या दोघांना सांभाळायला कुणी नव्हतं. दहावी करायची म्हणते. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म असतो, अनेकांना आठवत असेल. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या प्रतीसाठी आम्ही तिच्या जुन्या शाळेला दोन पत्रं पाठवली, तिसऱ्या वेळी तिचा मामा जाऊन घेऊन आला. जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळाली आहे. फॉर्मवर पत्ता ओसरीवाल्या आजींचा.

अडचण वेगळीच निघाली. आईबापांची साइट दिवाळीत संपते आणि पुढचं काम चाकणकडे आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले चार महिने ती राहणार कुठे? आजी म्हणाल्या, माझ्या नातीजवळ झोपेल. आईचं मन तयार आहे. बापाला काळजी वाटते, आणि वयात आलेली मुलगी परक्या गावात ठेवायची म्हणजे ती काळजी खोटी नव्हे. गेल्या रविवारी तो ओसरीच्या पायरीवर बसला, घर बघितलं, आजींच्या मुलाशी बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. जाताना म्हणाला, दिवाळीपर्यंत सांगतो. दिवाळीला सहा आठवडे आहेत. तोवर आमचं बीजगणित चालू आहे.