पक्ष्यांनी बोलते केलेला मुलगा



जपानचे साहित्यिक केन्झाबुरो ओए यांच्या घरी १९६३ साली पुत्र जन्मला, तो मेंदूला गंभीर व्यंग घेऊनच. शस्त्रक्रियेने जीव वाचला तरी बुद्धीची वाढ खुंटलेलीच राहील, असे निदान झाले. पिता खचला. त्याच उन्हाळ्यात ते हिरोशिमाला गेले, अणुबाँबने पोळलेल्यांची शुश्रूषा करणारे डॉक्टर त्यांनी पाहिले आणि परतल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय पक्का केला. मुलाचे नाव ठेवले हिकारी, म्हणजे प्रकाश.

माणसाच्या हाकेला हे मूल ओ देत नसे. पाखरांच्या आवाजाने मात्र त्याचा चेहरा खुले. म्हणून घरात पक्ष्यांची ध्वनिमुद्रिका वाजू लागली. आधी साद, मग निवेदकाच्या तोंडून नाव. (शिक्षकांनी ध्यानात घ्यावे की हा पाठ मुलानेच निवडला होता.) सहाव्या वर्षी, सुटीतल्या घरी असताना, तळ्याकडून पाणपक्ष्यांची जोडी ओरडली आणि हिकारीने अगदी त्या निवेदकाच्या थाटात त्यांचे नाव सांगितले. तोच त्याचा पहिला शब्द.

व्यंग काही सरले नाही. फेफऱ्याचे झटके पुढेही येतच राहिले. पियानो मात्र हाती आला, १९९२ साली स्वरचनांची तबकडी निघाली. १९९४ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात पित्याने त्या तळ्याकाठच्या पक्ष्यांची हकीकत सांगितली.